चीक

एका पलंगामागे तीन चादरी लागतात.
एक गादीवर, एक दोरीवर, एक कपाटात.
हा हिशेब मला कोणी शिकवला नाही,
चौथ्या दिवशी येणाऱ्या नळानं शिकवला.

सावद्याला, स्टेशनच्या रस्त्यावर,
खताच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या.
भाच्यानं त्या मोबाइलवर चढवल्या,
तेव्हापासून कोण कुठून येईल, नेम नाही.
पण बहुतेक केळीवालेच. दिल्लीचे, जालंधरचे,
दिवसभर बागेत घड जोखतात
आणि संध्याकाळी माझ्या पांढऱ्या टॉवेलला हात पुसतात.

चीक ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो.
पाहुण्याला वाटतं, काहीच लागलं नाही.
सकाळी तो निघून जातो, दुपारी डाग उगवतो,
तपकिरी, पाच बोटांचा.
लिंबू घासून झालं, रॉकेल झालं, सोडा झाला.
शेवटी भुसावळहून डझनभर चॉकलेटी टॉवेल आणले.
‘टॉवेलचा रंग उदास आहे’ असं लिहून
कोणीतरी एक तारा कापला.
कापू दे.

सुपडू परीट प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात
बिब्ब्यानं खूण करतो. दोन टिंबं, एक आडवी रेघ.
टिंबं म्हणजे खोल्या. रेघ बहुधा मी.
‘कापड फाटीन, कुमुदताई, पन हे नही जायाचं.’
या एका डागाचे मी पैसे देते,
बाकीच्यांना साबण.

मे महिन्यात दुसरी चादर पिळून होईतो
पहिली दोरीवर पापडासारखी वाजते.
घडीला मात्र दुसरं माणूस लागतं.
माझं दुसरं माणूस म्हणजे जिन्याचा कठडा.
त्याच्या गजात दोन टोकं खोचायची,
मागं मागं जाऊन ताणायचं,
मग आपणच त्याच्याकडे चालत जायचं.
तो कधी पुढं येत नाही.

वहीत लिहिलंय :
बारा तारीख, मोठा टॉवेल एक कमी,
जम्मूचा ड्रायव्हर, डोक्याला गुंडाळून गेला असावा, ऊन होतं.
अठरा, वऱ्हाड, उशीच्या खोळी दोन, हळद.
एकवीस, काही नाही. भला माणूस. चादर मोडलीसुद्धा नव्हती,
रात्रभर खुर्चीतच बसला होता की काय.

तेवीसपुढं जागा कोरी आहे.

त्या रात्री एक मुलगी होती, फैजपूरला परीक्षा.
बाप शेजारच्या खोलीत.
सकाळी साडेसहाला दोघं गेली. मी वर आले तर
गादी उघडी, आणि चादर खुर्चीच्या पाठीवर,
कोपऱ्याला कोपरा लावून टाकलेली. ओली.
वैशाखात ओली, म्हणजे नुकतीच धुतलेली.
बादली रिकामी.
आंघोळीला तेवढं एकच बादली पाणी ठेवलं होतं मी,
आणि टॉवेल खुंटीवर, माझ्याच घडीत, कोरडा.
तशीच गेली पोर पेपरला.

डाग पुरता निघाला नव्हता.
रक्ताला गार पाणी लागतं,
आमची टाकी रात्रीसुद्धा कोमट.
तिला कोण सांगणार? भिंतीपलीकडे बाप,
तांब्याचा आवाजही जपून केला असेल.
उशीखाली पन्नासची नोट होती, चार घड्यांची,
अजून ओलसर बोटांची.

आता त्या खोलीत माठ असतो.
पाहुण्यांना वाटतं, पिण्यासाठी.
खालच्या खणात एक चॉकलेटी टॉवेल असतो, एक पाकीट असतं.
तो टॉवेल सुपडूकडे जात नाही. त्याला टिंबं नाहीत.

परवा खण उघडला तर रिकामा.
मी दुसरा ठेवला.
काल भाचा कपाटाशी उभा राहून मोजत होता,
‘मावशी, चॉकलेटी दहाच भरतात.’

केळीवाल्यानं नेला असेल, म्हटलं.